पोरं जिथे अडतात तिथला धडा दुरुस्त करा: ऑनलाईन शिकवणीची अ‍ॅप बनवणाऱ्या मंडळींना खुलं पत्र

मंडळी, नमस्कार.

मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पाचवी ते सातवीला गणित शिकवते. हे पत्र कुठल्या एका कंपनीला किंवा एका खात्याला नाहीये, शाळेच्या पोरांसाठी जे कोणी अ‍ॅप, पोर्टल, व्हिडिओ, टेस्ट सिरीज असं काही बनवतात त्या सगळ्यांना आहे, म्हणजे कोडिंग करणारे, कंटेंट लिहिणारे, व्हिडिओत शिकवणारे सर-मॅडम आणि शेवटी डॅशबोर्ड बघून निर्णय घेणारी वरची मंडळी. पोरं तुमचं अ‍ॅप कसं वापरतात याची बारीक न् बारीक नोंद तुमच्याकडे जमा होते. कुठे थांबली, कुठे मागे गेली, कुठलं उत्तर चुकलं, कधी बंद करून निघून गेली, सगळं. माझं म्हणणं एवढंच आहे की ही नोंद सगळ्यात आधी धडा दुरुस्त करायला वापरा. मला माझ्या वर्गातून जे दिसतं त्यावरून तरी ती जास्त करून पोरांना परत अ‍ॅपवर ओढून आणायला वापरली जाते, आणि त्याचा राग येतो म्हणून लिहितेय.

उदाहरणच देते. सहावीतली एक मुलगी शाळेच्या टॅबवर अपूर्णांकांच्या बेरजेचा व्हिडिओ बघत होती. गणित होतं २/३ + १/४. व्हिडिओतले सर छान बोलतात, चित्रं पण सुंदर, पण "आता आपण छेद समान करून घेऊ" एवढं म्हणाले आणि पडद्यावर एकदम ८/१२ + ३/१२ आलं. पोरगी मागे गेली. परत तेच बघितलं, परत मागे. मग पॉज करून सगळं वहीत उतरवलं, पेन्सिलीचं टोक आठवर ठेवलं आणि शेजारणीला विचारलं, "हे आठ कुठून आले गं?" शेजारणीलाही माहीत नव्हतं. दोघींनी अंदाज बांधला की दोनात सहा मिळवले असतील, पण मग एकाचे तीन कसे झाले ते त्या हिशेबात बसेना. शेवटी कंटाळून पुढे गेल्या, खाली चार पर्यायांचा प्रश्न होता, एक दाबला तो चुकला, दुसरा दाबला तो बरोबर आला, स्क्रीनवर फुगे उडाले आणि "शाब्बास" आलं. दुसऱ्या दिवशी तेच गणित मी वहीत सोडवायला दिलं तर हिचं उत्तर ३/७. वरच्यात वरचा मिळवला, खालच्यात खालचा.

आता ही सगळी घटना तुमच्या सर्व्हरला कशी दिसली असेल बघा. व्हिडिओ पूर्ण पाहिला, परत परत पाहिला, क्विझ दिली, बरोबर उत्तर आलं. कागदावर ही तुमची सगळ्यात चांगली विद्यार्थिनी. आणि खरं बघायला गेलं तर त्या व्हिडिओत एक पायरी राहिलीय, वर चारने गुणलं म्हणून खाली पण चारने, २×४ आणि ३×४, एवढी एक ओळ चार सेकंद पडद्यावर थांबली असती तर काम झालं असतं. मी फळ्यावर तीच ओळ लिहिली आणि पोरगी पुढची गणितं स्वतः करायला लागली. हा व्हिडिओ गावोगावची पोरं बघतात, आणि माझी खात्री आहे की ती सगळी त्याच सेकंदाला मागे जात असणार, तुम्हाला ते ग्राफवर उंच टोकासारखं दिसत असणार, आणि कोणीतरी मीटिंगमध्ये ते दाखवून म्हणालं असणार की इथे बघा एंगेजमेंट किती मस्त आहे!

हे मी काही नवीन शोधून सांगत नाहीये. हार्वर्ड आणि एमआयटी या अमेरिकेतल्या विद्यापीठांनी २०१२ मध्ये एडएक्स नावाची ऑनलाईन कोर्सची वेबसाईट सुरू केली, आणि २०१४ साली संशोधक जुहो किम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावरचे ८६२ व्हिडिओ घेऊन नेमकं हेच तपासलं, की लोक व्हिडिओ कुठे सोडून जातात आणि कुठल्या जागी एकदम गर्दी करून मागे येतात. त्या गर्दीच्या जागांपैकी सुमारे ६१ टक्के ठिकाणी पडद्यावरचं दृश्य बदललेलं होतं. स्लाईड वाचून व्हायच्या आत गेली, आकृती एक सेकंद दिसून गायब झाली, म्हणून लोक परत ती बघायला आले. म्हणजे मागे येणं हे आवडल्याचं लक्षण आहे का अडल्याचं, ते त्या जागी पडद्यावर काय चाललंय हे उघडून बघितल्याशिवाय कळत नाही. दहा वर्षांच्या वर झाली या गोष्टीला. एवढ्या वर्षांत निदान सगळ्यात जास्त मागे ओढल्या जाणाऱ्या जागा माणसांनी बसून बघायची पद्धत तरी पडायला हवी होती.

त्याच वर्षी आणखी एक अभ्यास आला होता, फिलिप गुओ, जुहो किम आणि रॉब रुबिन यांचा. एडएक्सच्या चार कोर्समधली ६९ लाख वेळा व्हिडिओ पाहिल्याची नोंद त्यांनी घेतली, आणि त्यातली एकच गोष्ट सगळीकडे पसरली, ती म्हणजे व्हिडिओ कितीही मोठा असो, लोक साधारण सहा मिनिटांच्या वर टिकत नाहीत. झालं, सगळ्यांनी पाऊण तासाचे तास कापून सहा-सहा मिनिटांचे तुकडे केले. पण त्याच अभ्यासात हेही आहे की वर्गात रेकॉर्ड केलेलं लेक्चर नंतर तुकडे करून टाकलं तर ते तेवढं चालत नाही, व्हिडिओसाठी म्हणून वेगळा विचार करून बसवलेला धडा जास्त चालतो. हेही आहे की भारी स्टुडिओपेक्षा साध्या जागी, समोर बसून बोलल्यासारखं केलेलं शूटिंग लोकांना जास्त धरून ठेवतं, आणि नुसत्या स्लाईडपेक्षा हाताने लिहीत लिहीत समजावलेलं बरं पडतं. आम्ही मास्तर लोक फळ्यावर हेच करतो, लिहीत लिहीत बोलतो, त्यामुळे पोराची नजर खडूबरोबर चालते. माझ्या मते या अभ्यासातला खरा ऐवज हा आहे. पण सहा मिनिटं हा आकडा उचलायला सोपा, नियम म्हणून लावायला सोपा, बाकीच्याला मेहनत लागते. आणखी एक, कसं करायचं ते करून दाखवणारे व्हिडिओ लोक सलग बघत नाहीत, त्यात पुढे-मागे शोधत फिरतात असंही त्यांना दिसलं, आणि म्हणून अशा व्हिडिओत टप्प्यांची नावं ठळक लिहा असं त्यांनी सुचवलं. गणिताचा जवळजवळ प्रत्येक व्हिडिओ असाच असतो. मला अजून फार कमी मराठी व्हिडिओ दिसलेत ज्यात "आता लसावि काढू", "आता छेद समान करू" असे टप्पे व्हिडिओच्या खालच्या पट्टीवर दिसतात आणि पोराला हव्या त्या टप्प्यावर थेट जाता येतं.

आता नोटिफिकेशनचं बोलते. "आज तू अभ्यास केला नाहीस", "तुझी स्ट्रीक तुटणार" (स्ट्रीक म्हणजे सलग किती दिवस अ‍ॅपवर आलात त्याची मोजणी), "तुझे मित्र पुढे गेले". हे मेसेज पोरांना नाही येत हो, बापाला येतात, कारण फोन बापाचा असतो. बाप शेतात किंवा कामावर, संध्याकाळी घरी आल्यावर पोराला ओरडतो की अ‍ॅप म्हणतंय तू अभ्यास केला नाही. अरे पण फोन तर दिवसभर तुमच्या खिशात होता! बाहेरून थोडं ढकललं की लोक शिकतात हा समजही तपासला गेलाय बरं का. रेने किझिलसेक आणि बाकीच्या संशोधकांनी हार्वर्ड, एमआयटी, स्टॅनफर्डच्या अडीचशे कोर्समध्ये, सुमारे अडीच लाख लोकांवर असे छोटे छोटे उपाय करून बघितले, अभ्यासाचं वेळापत्रक आधी लिहून घ्या वगैरे, आणि २०२० मध्ये निकाल छापला. वेळापत्रक लिहून घेतल्याने पहिले काही आठवडे थोडा फरक पडला, कोर्स पूर्ण करणाऱ्यांच्या संख्येत नाही. हे सगळं मोठ्या, शिकायची इच्छा असलेल्या, स्वतःचा लॅपटॉप असलेल्या लोकांचं. मग सहावीतल्या पोराला स्ट्रीकची भीती घालून काय मिळणार आहे? त्याला आठ कुठून आले ते कळत नाहीये, आठवण करून दिल्याने ते कळणार नाही.

एकाच फोनचा विषय निघालाच आहे तर तो नीट सांगते, कारण तुमची सगळी आकडेमोड इथेच फसते. २०२४ च्या असर अहवालात (गावागावातल्या मुलांच्या शिक्षणाची पाहणी) ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांचं आहे, घरात स्मार्टफोन जवळपास सगळ्यांकडे पोचलाय, पण ज्यांना तो वापरता येतो त्यांच्यातही स्वतःचा फोन असणारे मुलगे साधारण ३६ टक्के आणि मुली २७ टक्के. माझी पोरं तर त्याहून लहान. आमच्याकडे एका फोनवर तिसरीतला भाऊ, सहावीतली बहीण आणि नववीतला दादा असे तिघं एकाच लॉगिनने शिकतात. मग अ‍ॅप विचार करतं की हा एकच विद्यार्थी आहे, सकाळी पाढे पाठ करतो, रात्री बहुपदी सोडवतो, आणि दोन्हीची सरासरी काढून त्याला मधलंच काहीतरी सुचवतं. "तुझ्यासाठी खास निवडलेलं" म्हणून सहावीतल्या पोरीला नववीची टेस्ट येते, ती ती देते, दहापैकी एक गुण पडतो, आणि घरात सगळ्यांसमोर ती मठ्ठ ठरते. एका नंबरवर तीन मुलांची नावं टाकायची सोय आणि उघडल्यावर "आज कोण शिकतंय?" एवढा एक प्रश्न, याला किती दिवस लागतील सांगा बरं.

आणि ओटीपी. दसरा-दिवाळीच्या सुमाराला आमच्याकडची कुटुंबं ऊसतोडीला जातात, काही पोरं आई-बापाबरोबर जातात, काही आजीकडे नाहीतर हंगामी वसतिगृहात राहतात. सिमकार्ड बापाबरोबर कारखान्याच्या फडात आणि टॅब शाळेत. अ‍ॅप अपडेट झालं की आपोआप लॉगआऊट, आणि मग ओटीपी जातो तिकडे उसाच्या फडात. बापाचा फोन लागला आणि त्याने मेसेज वाचून सांगितला तोपर्यंत ओटीपीची मुदत संपते. मागच्या हिवाळ्यात एक मुलगा असाच कितीतरी आठवडे बाहेर अडकला. तुमच्या यादीत तो "सोडून गेलेला" म्हणून असणार, आणि त्याला परत आणायला मेसेज पण गेले असणार, त्याच फडातल्या फोनवर. तो कुठेही गेला नव्हता, रोज पहिल्या बाकावर बसत होता. ही गोष्ट कुठल्याच ग्राफमध्ये दिसणार नाही, ती बघायला माणूसच यावं लागतं.

सोडून जाणं या शब्दाखाली तुम्ही किती वेगवेगळी माणसं एकत्र टाकता तेही बघा. जस्टिन राइश आणि होसे रुइपेरेस-वालिएन्ते यांनी हार्वर्ड-एमआयटीच्या एडएक्स कोर्सचा २०१२ ते २०१८ चा हिशेब मांडला, तर नाव नोंदवणाऱ्यांपैकी ५२ टक्के लोकांनी कोर्स एकदाही उघडला नव्हता, आणि २०१७-१८ मध्ये एकूण नोंदणीतले फक्त ३.१३ टक्के शेवटपर्यंत पोचले. जगातल्या दोन सगळ्यात नामांकित विद्यापीठांची ही गत. त्यात कोण नुसतं डोकावून गेलं, कोणाला एकच धडा हवा होता, कोण अडलं म्हणून गेलं आणि कोणाची रेंज गेली, हे वेगवेगळं काढल्याशिवाय त्या आकड्यावरून काही ठरवता येत नाही.

उलट बाजूला शंभर टक्के पूर्ण झालेल्या कोर्सचंही तसंच आहे. शिक्षकांची ऑनलाईन प्रशिक्षणं होतात, ती कशी पूर्ण होतात हे आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येकाला माहितीय. व्हिडिओ म्यूट करून फोन चार्जिंगला लावून ठेवायचा, तो संपला की पुढचा लावायचा, शेवटच्या प्रश्नांची उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतात, ती बघून टिक करायची, सर्टिफिकेटचा स्क्रीनशॉट ग्रुपवर. कारण रात्री ग्रुपवर यादी पडते, अमुक अमुक शिक्षकांनी अजून पूर्ण केलेलं नाही, तात्काळ करावे. मी शिक्षकांना दोष देत नाही. निवडणुकीची कामं, ऑनलाईन माहिती भरणं, पोषण आहाराचा हिशेब आणि त्यात हे. पण ज्याने तो कोर्स बनवला त्याच्याकडे या वागण्याची नोंद आहे ना! वीस मिनिटांचा व्हिडिओ एकदाही पॉज न करता एवढे शिक्षक बघतात आणि मग दहाच्या दहा प्रश्न दीड मिनिटात बरोबर सोडवतात, हे बघून कोणालाच शंका आली नाही का? आली असेल तर प्रश्न बदलले का नाहीत, कोर्स आमच्या वर्गातल्या खऱ्या अडचणींवर का आला नाही? पूर्ण केलेल्यांचा आकडा वर पाठवायला छान दिसतो, बस.

वापर बघून धडा सुधारला तर काय होतं याचं आपल्या देशातलं उदाहरण आहे. दिल्लीत माइंडस्पार्क नावाचं सॉफ्टवेअर वापरून सेंटर चालवली गेली, त्यावर कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहांद्रो गानिमियन यांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे आधी हे दिसलं की सहावीत बसलेली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे आहेत. मग सॉफ्टवेअर त्या मुलाला तो जिथे आहे तिथून प्रश्न द्यायचं, चूक कुठल्या प्रकारची आहे ते ओळखून त्याप्रमाणे पुढचं समजावायचं. साडेचार महिन्यांत या मुलांची गणितातली प्रगती बाकीच्यांच्या जवळपास दुप्पट झाली. यातली जी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते ती ही, की दीड तासातला अर्धा वेळ कॉम्प्युटर होता आणि अर्धा वेळ बारा-पंधरा मुलांच्या गटात समोर माणूस होता. आणि चूक "चूक" म्हणून मोजली नाही, ती कुठल्या समजुतीतून आली ते बघितलं. माझ्या पोरीचं ३/७ हे नुसतं चुकलेलं उत्तर नाही, ते मला सांगतं की तिला अपूर्णांक म्हणजे वर एक आकडा आणि खाली एक आकडा असे दोन सुटे आकडे वाटतायत. तुमच्याकडे अशी लाखो ३/७ पडून असतील.

आता कोणी म्हणेल बाई, एकीकडे म्हणता डेटा वापरा आणि दुसरीकडे पोरांच्या खाजगी माहितीचं काय? बरोबर आहे, ते पण बोलायलाच पाहिजे. २०२२ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्कांवर काम करणाऱ्या संस्थेने ४९ देशांतली दीडशेहून जास्त शैक्षणिक अ‍ॅप आणि वेबसाईट तपासल्या, त्यातल्या ८९ टक्के मुलांच्या खाजगीपणाला धोका करणाऱ्या निघाल्या, कित्येक तर जाहिरात कंपन्यांना माहिती देत होत्या. आपल्याकडे २०२३ चा डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती मागतो आणि त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवायला, त्यांना लक्ष्य करून जाहिरात दाखवायला मूळ नियम म्हणून मनाईच करतो. माझ्या मागणीला यातलं काहीच आड येत नाही. धडा दुरुस्त करायला तुम्हाला पोराचं नाव नको, गाव नको, लोकेशन तर अजिबात नको. तिसऱ्या मिनिटाच्या दहाव्या सेकंदाला खूप जण मागे जातात आणि चौथ्या प्रश्नात ३/७ हा पर्याय खूप जण दाबतात, एवढं कळलं की झालं. नाव, नंबर, लोकेशन लागतं ते कोर्स विकायला. पोराने एक फ्री टेस्ट दिली की संध्याकाळी बापाला फोन येतो, "तुमचा मुलगा गणितात कमजोर आहे, आमचं पॅकेज घ्या." ही नोंद कशासाठी ठेवली होती आणि कशासाठी वापरली?

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक इयत्तेच्या प्रत्येक धड्यात पोरं सगळ्यात जास्त जिथे मागे जातात आणि सगळ्यात जास्त जो चुकीचा पर्याय निवडतात, त्या जागा दर सत्राला काढा, व्हिडिओ बनवणाऱ्या माणसाला तिथे बसवा आणि तो तुकडा परत करायला लावा. नवीन हजार व्हिडिओ नका आणू, आहेत त्यातले शंभर नीट करा. आणि काय बदललं ते सांगा, अ‍ॅप अपडेट करताना "बग दुरुस्त केले" असं लिहिता ना, तसंच "सहावी, अपूर्णांकांची बेरीज, राहिलेली पायरी घातली" असं पण लिहा. त्याच चुकांची यादी, नावं न देता, बालभारतीच्या धड्यांच्या क्रमाने आम्हा शिक्षकांना पण मोकळी करा. मला धडा शिकवायच्या आदल्या रात्री कळलं की राज्यभर पोरं या ठिकाणी अडतात, तर मी फळ्यावर तिथूनच सुरुवात करीन, आणि ज्या शाळेत टॅब नाही, नेट नाही, तिथल्या पोरांना पण तुमच्या डेटाचा उपयोग होईल. क्विझमध्ये दुसऱ्या दाबाला बरोबर आलं तर फुगे उडवू नका, तोच प्रश्न आकडे बदलून परत विचारा.

आणि या. आमची शाळा रस्त्यालगत आहे, एसटी थांबते. शनिवार सकाळचा असतो म्हणून इतर कुठल्याही दिवशी, मधल्या सुट्टीनंतरचे दोन तास मी देते, फक्त गॅदरिंगचे आणि चाचणीचे दिवस सोडून. पालकांच्या संमतीच्या सह्या मी आधी घेऊन ठेवीन, कॅमेरा आणू नका, पोरं कॅमेऱ्यासमोर वेगळीच वागतात. दोघं आलात तरी पुरे, एक व्हिडिओत शिकवणारा आणि एक कोड लिहिणारा, मॅनेजर नाही आले तरी चालतील. पोरांच्या मागे बाकावर बसायचं, मदत करायची नाही, काही सांगायचं नाही, नुसतं बघायचं आणि कुठे हात थांबतो ते वहीत लिहायचं. अपूर्णांकांचा धडा मी तुम्ही येईपर्यंत पुढे ढकलू शकते, तारीख कळवा.

आपली,
एक जिल्हा परिषद शिक्षिका, धाराशिव जिल्हा